शिंगाळा

सातपाटीत माशाचं नाव उगाच कुणाला मिळत नाही. खाडीकाठच्या वाडीत होड्यांच्या लाकडाशेजारी उभा असणाऱ्या या ट्रॅक्टरला ते मिळालं त्याच्या तोंडामुळे. पुढे लोडर, लोडरला बकेट आणि बकेटच्या ओठातून हातभर नव्हे, चांगले पुरुषभर लांब बाहेर आलेले दोन लोखंडी काटे. कुठल्यातरी पोराने ‘शिंगाळा’ म्हटलं आणि ते चिकटलं. शिंगाळा जाळ्यातून सोडवताना खलाशी हात जपून घालतो, कारण त्याचा काटा लागला की ठणका लागतो. या शिंगाळ्यासमोरूनही माणसं वळसा घालूनच जातात. रात्री तो उभा असला तर काट्यांच्या टोकांवर उलट्या बादल्या घातलेल्या असतात. नडगी फुटल्यावर सुचलेली ही युक्ती असणार, फुटण्याआधी असलं काही सुचत नाही.

बकेट मुळात मातीची. रेती, मुरूम, खाडीचा गाळ भरून घ्यावा आणि ओतावा, एवढीच तिची समज. तिच्यासमोर सागाचा ओंडका आला की तिची फजिती व्हायची. आत मावायचा नाही, ओठावर ठेवला तर गडगडत खाली. मग साखळदंड बांधून टांगायचा, तर ओंडका झोके घेत ट्रॅक्टरच्याच नाकावर आपटणार. काट्यांची कल्पना तिथून आली. काटे ओंडक्याखाली सारायचे, बकेट थोडी मागे वळवायची, ओंडका आपणहून घरंगळत बकेटच्या तोंडाशी येऊन टेकतो. बांधाबांध नाही, खाली वाकणं नाही.

काट्यांचा माल बोईसरच्या भंगारातला. तारापूर एमआयडीसी शेजारी असल्यावर लोखंडाला तोटा नसतो. पहिली जोडी ट्रकच्या कमानीच्या पाट्यांची होती. पाटा चिवट, वाकून परत सरळ होणारा, म्हणून सगळ्यांना तोच पसंत पडला. पण कमानीच्या पोलादात कार्बन जास्त. वेल्डिंगनंतर भराभर गार झालं की टाक्याच्या कडेची पट्टी काचेसारखी कडक होते आणि टाका शाबूत राहून शेजारीच चीर जाते. तशीच गेली. दुसरी जोडी साध्या मऊ लोखंडाच्या चॅनलची: दोन-दोन चॅनल तोंडाला तोंड लावून जोडलेले, टोकं तासून निमुळती केलेली. चॅनल वाकतो, पण वाकताना दिसतो. पाटा न सांगता तुटतो. मला विचाराल तर हत्यारात हा गुण ताकदीपेक्षा मोठा.

जोडणीत मात्र वेल्डरने डोकं लावलंय. काटे बकेटला कायमचे चिकटवलेले नाहीत. प्रत्येक काट्याच्या बुडाशी एक खाच आहे, ती बकेटच्या धारेवर बसते. काट्याची शेपटी बकेटच्या आतून पाठीला लागून वर जाते आणि वरच्या कडेला पिनेने अडकते. टोकाशी वजन आलं की काटा धारेवर रेटा देतो आणि वरची पिन ओढतो. सगळा भार एकट्या धारेवर सोडला असता तर ओठ कधीच खाली लोंबला असता. पिना काढल्या की पुन्हा नुसती बकेट, रेती भरायला मोकळी. खाऱ्या हवेत पिना गंजून धरतात, म्हणून त्यांना जळकं ऑइल. पूर्वी होड्यांच्या लाकडाला मुशीचं तेल लावत, आता वाडीत ऑइलचा वास जास्त.

शिंगाळ्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर एक ओंडका उचलताना बघावा. तीन मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर जाड. वाळलेला साग असेल तर साधारण अडीचशे किलो, ओला असेल तर त्यावर आणखी शंभरेक. एवढं वजन रेतीच्या रूपात बकेटमध्ये असतं तर त्याने हूं की चूं केलं नसतं. पण तेच वजन काट्यांच्या टोकाशी आलं की इंजिनाचा आवाज खोल जातो, पुढचे टायर चेपतात, स्टिअरिंग जड होतं आणि मागची मोठी चाकं जमिनीवर नुसती टेकल्यासारखी राहतात. मागे तीन-पॉइंटला काँक्रीट ओतलेलं 200 लिटरचं पिंप अडकवलंय, जवळजवळ पावणेपाचशे किलोचं. ते नसेल त्या दिवशी ड्रायव्हर लाकडाला हात लावत नाही. “नाखवा, आधी पिंप, मग लाकूड,” एवढं बोलून तो बिडी पेटवतो.

दुसरी खोड जास्त वाईट. ओंडका घेऊन लोडरचे हात उंच केले आणि बकेट मागे वळलेली राहिली, तर ओंडका बकेटच्या पाठीवरून, लोडरच्या दोन हातांवरून घरंगळत थेट ड्रायव्हरच्या मांडीवर येऊ शकतो. बकेटच्या वरच्या कडेला अँगलचा आडवा कठडा त्यासाठीच. तरीही ओंडका गुडघ्याच्या वर न्यायचा नाही, हा वाडीचा नियम आहे.

होडीला लाकूड लागतं तेही एका जातीचं नाही. पठाणाला, म्हणजे तळाच्या कण्याला, लांब आणि सरळ, फळ्यांना साग, वाकांना, म्हणजे आतल्या बरगड्यांना, मुद्दाम वाकडं वाढलेलं. सरळ ओंडका कुणीही उचलेल. वाकडा ओंडका काट्यांवर ठेवला की जड बाजू शोधून गर्रकन फिरतो. तिथे सुतार हाताने खूण करतो, ड्रायव्हर काटे वीतभर बाजूला घेतो, पुन्हा खूण, पुन्हा वीतभर. जुने लोक म्हणतात की पूर्वी हे सगळं खांद्यावर, दोरांवर आणि आरोळीवर व्हायचं, त्यात गाव एकत्र यायचं. यायचं खरं. पण खांद्यावरच्या लाकडाचं कौतुक करणाऱ्यांत बाजूला उभं राहून नुसतं ‘हैसा’ म्हणणारे बरेच असतात. ज्यांच्या मणक्यांनी ते सोसलं, ते शिंगाळ्याबद्दल वाकडं बोलताना मी ऐकलेले नाहीत.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने पालघर किनाऱ्यावरची झाडं आडवी केली, तेव्हा असली लोखंडी शिंगं सगळ्यांनाच हवीशी झाली. कापलेलं सुरूचं खोड उचलून रस्त्याकडेला लावायला बकेट कुचकामी, काटे कामाचे. एरवी 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, त्याआधी लाकूड हलवून झालेलं असावं लागतं. पावसाच्या चिखलात शिंगाळ्याची पुढची चाकं रुततात. आणि फायबरच्या होडीजवळ त्याला बाराही महिने मज्जाव. तिथे नाखवा स्वतः आडवा उभा राहतो.

सध्या वेल्डरच्या डोक्यात नवीन खूळ आहे: वरून ओंडका दाबून धरणारा जबडा. त्याला एक जास्तीचा जॅक, दोन पाइप, एक लिव्हर. ड्रायव्हरचं म्हणणं, जबड्याचंच वजन शंभर किलो होणार, म्हणजे तेवढं लाकूड कमी उचललं जाणार, वर काट्यांइतकं सहज काढता येणार नाही ते वेगळंच. वेल्डर म्हणतो, पिंप मोठं करू. ड्रायव्हर म्हणतो, मग पुढचा एक्सल तू नवीन देणार का? मालक दोघांचं ऐकून घेतो आणि मागच्या टायरच्या किमतीची चौकशी करायला पालघरला जातो.