शिकवायला येता का?

माणसाला जेवायला बोलावणे सोपे, भाषणाला बोलावणे त्याहून सोपे. पण शिकवायला बोलावून पाहा! गेल्या वर्षी हे काम माझ्या गळ्यात पडले. प्रोग्रॅमिंग करणाऱ्या मंडळींची एक लहानशी परिषद भरायची होती आणि तिच्या आदल्या दिवशीच्या वर्गांसाठी शिक्षक हवे होते. "तुम्ही कोपरला राहता, गाडीत पत्रे लिहायला भरपूर वेळ मिळेल," असे समितीतल्या एका पार्लेकराने सुचवले. आमच्या स्टेशनाला धीम्या गाडीखेरीज कोणी विचारत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक!

या परिषदा आपल्याकडे आता नव्या राहिलेल्या नाहीत. पायथन या भाषेची भारतातली पहिली पायकॉन २००९ साली बंगळूरला झाली. २०११ साली पवईच्या आयआयटीत सायपाय इंडिया भरली. ही भाषा गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली प्रसिद्ध केली. नाव सापावरून नव्हे, 'मॉन्टी पायथन' या विलायती विनोदी मंडळीवरून ठेवलेले. तिच्यात ओळीआधी सोडलेल्या जागेलाही अर्थ असतो. एक जागा चुकली की यंत्र अडून बसते. समास सोडला नाही म्हणून शाळेत छड्या खाल्लेल्या मला ती पहिल्या दिवशीच ओळखीची वाटली.

भाषण अर्ध्या तासात आटोपते. वर्ग तीन तासांचा. समोर चाळीस माणसे, चाळीस लॅपटॉप आणि चाळीस तऱ्हेच्या अडचणी! पहिला तास तर लागणारे सामान यंत्रावर उतरवण्यातच जातो, आणि नेमके तेव्हाच वायफाय मान टाकते.

मी चौदा जणांना पत्र धाडले : 'आपण या विषयातील तज्ज्ञ आहात...' नऊ जणांचे उत्तरच आले नाही. तिघांनी 'वर्ग नको, भाषण देतो' म्हणून कळवले. एकाने विमानाचे भाडे विचारले.

चौदावे पत्र आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर गेले होते. तिथली मुलगी एका बँकेच्या संगणक विभागात आहे. रविवारी सोसायटीतल्या पोरांना ती पायथन शिकवते. एकदा जिन्यात ऐकले. एक पोरगा विचारीत होता, "ताई, मोजणी शून्यापासून का?"

"लिफ्टमध्ये तळमजल्याचं बटण कोणतं?"

"शून्य."

"मग वॉचमनकाका काय इमारतीत राहत नाहीत?"

हेच समजावताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर चौकोन काढून माणसे झोपवली होती.

संध्याकाळी ती फोन हातात घेऊन दारात उभी. "काका, हे चुकून मला आलं वाटतं. मी कुठली तज्ज्ञ? शिवाय इंग्रजीत तीन तास! मागे ऑफिसात एकदा बोलताना अडखळले, तेव्हा सगळे हसले होते."

मी "बरं" म्हटले. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखेच वाटले. समितीला मोठे नाव हवे होते. आतून सौभाग्यवतींनी ऐकले होते. जेवताना त्या म्हणाल्या, "पत्रात तज्ज्ञ लिहिलंत, म्हणून ती पळाली. पोरांना सांगतेस ते तिथे सांगशील का, एवढंच विचारायचं होतं."

घास घशात अडकला. रात्री पत्र पुन्हा लिहिले. तज्ज्ञ शब्द खोडला. मराठी-हिंदी चालेल, बाकांमधून फिरायला दोन मदतनीस देऊ, मानधन इतके, आणि आधीच्या रविवारी पोरांबरोबर मीही विद्यार्थी म्हणून बसेन. समितीत दोघांनी नाके मुरडली. मुरडू दिली.

तिने एकच प्रश्न विचारला, "मध्येच अडले तर?"

"मी शेवटच्या बाकावर आहे."

वर्गाच्या दिवशी वायफाय अर्थातच गेले. तिने पिशवीतून सहा पेनड्राइव्ह काढले. आमच्या पोरांकडे नेट नसते, म्हणून ही सवय! दुसऱ्या तासाला ती एका इंग्रजी शब्दाला अडखळली, थबकली, माझ्याकडे पाहिले, आणि तीच गोष्ट मराठीत सांगून पुढे गेली. कोणी हसले नाही. सगळे लिफ्टला तेवढे हसले.

परतताना धीम्या गाडीत ती दिव्यापर्यंत गप्प होती. कोपरला उतरता उतरता म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी बोलावण्याचं काम कोणाकडे आहे? माझ्याकडे दोन नावं आहेत. त्याही नाहीच म्हणतील."