डोळा दुखलाच नाही

दुखलं असतं तर घरात आपोआप धावपळ झाली असती. पण सकाळी दाढी करता करता उजव्या डोळ्यापुढे करडा पडदा ओढला गेला आणि दुखलं काहीच नाही. डावा डोळा झाकला की स्वतःची बोटं हलताहेत एवढंच जेमतेम कळे. बीपी वाढलं असेल, जरा पडतो, म्हणालो. सून म्हणाली, "बाबा, पडायचं नाही. रिक्षा आलीय."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून पाहिलं. आतला पडदा पांढुरका, मधोमध लाल ठिपका. "काका, मेंदूला झटका येतो ना, तसा डोळ्याला आलाय." पडद्याच्या आतल्या थरांना रक्त देणारी मुख्य धमनी एकच, आणि तिच्यात गुठळी अडकलेली. माकडांवरच्या प्रयोगांत ही धमनी पूर्ण बंद केली तेव्हा साधारण चार तासांत पडद्याचं कायमचं नुकसान झालं. माणसात ती कधीकधी अर्धवटच बंद असते, म्हणून २४ तासांपर्यंत खटपट करतात. चावताना जबडा दुखतो का, हेही त्यांनी विचारलं. धमनीला सूज असेल तर स्टिरॉइड लागतं. बोलता बोलता डोळा बोटांनी दाबणं-सोडणं चालूच होतं, गुठळी पुढे सरकली तर सरकावी म्हणून.

सरकली नाही. मग हायपरबॅरिक चेंबर. पडद्याच्या बाहेरच्या थरांना कोरॉइड नावाच्या थरातून वेगळं रक्त मिळतं. चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेतला की त्या रक्तात इतका ऑक्सिजन विरघळतो की तो आतल्या थरांपर्यंत झिरपतो. धमनी मोकळी होईपर्यंत तेवढ्यावर पडदा तगवायचा. अमेरिकेतली अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटी या आजाराला हा उपचार मान्य करते, पण मोठ्या चाचण्यांचा आधार नाही, हे डॉक्टरांनी सही घेण्याआधीच सांगितलं. मला ते आवडलं. खात्री देणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

घड्याळ, मोबाइल, केसांचं तेलसुद्धा बाहेर. अंगावर फक्त सुती कपडे. शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पुरे. पारदर्शक नळकांड्यात आडवं झालो आणि दाब चढू लागला तेव्हा कसारा घाटात बसतात तसे कान बसले. आवंढे गिळत राहिलो. दाब नेहमीच्या २.४ पट, म्हणजे समुद्रात सुमारे १४ मीटर खाली गेल्यासारखा. मधूनमधून मास्कमधून साधी हवा देत, ऑक्सिजनचा अतिरेक होऊन झटके येऊ नयेत म्हणून.

आत असतानाच काचेपलीकडच्या टेक्निशियनचा हिरवा शर्ट दिसला. ओरडलोच मी! बाहेर आल्यावर पुन्हा सगळं पुसट. असं होतं म्हणे, म्हणूनच पुन्हा पुन्हा आत पाठवतात. पुढच्या बैठकांनंतर तक्त्यावरच्या वरच्या मोठ्या ओळी टिकल्या. वर्तमानपत्र त्या डोळ्याने वाचता येत नाही. यातलं चेंबरने किती दिलं आणि आपसूक किती आलं, ते कसं वेगळं करणार?

डॉक्टरांना त्याहून मोठी काळजी मानेची होती. डॉपलर तपासणीत उजव्या कॅरोटिड धमनीत चरबीचा थर निघाला. गुठळी तिथूनच सुटली असावी, आणि पुढची मेंदूत जाऊ शकते. आता रोज अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, आणि ती धमनी साफ करायच्या ऑपरेशनची तारीख ठरायची आहे.