कुत्रं बघायला जाण्याआधी

येरमाळा, 15 डिसेंबर 2024

थंडी चांगली पडली आहे. हरभऱ्याला पाणी देऊन परत येतो तोच शेजारचा पोरगा मोबाईल घेऊन दारात उभा. "काका, हस्की घ्यायचाय. बार्शीत एक जण देतो म्हनलाय." निळे डोळे, पांढरं तोंड, बर्फात लोळणारं कुत्रं. दिसायला देखणं आहे, यात वाद नाही.

मी त्याला कुत्र्याबद्दल काहीच विचारलं नाही, त्याच्या दिवसाबद्दल विचारलं. सकाळच्या एसटीनं कळंबला कॉलेज, परत यायला तिन्हीसांजा. आई-वडील शेतात. घरावर पत्रे. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी, पारा चाळिशीच्या वर असताना, ते जनावर पत्र्याखाली एकटं बांधलेलं असणार. हस्की सायबेरियातल्या चुकची लोकांनी गाडी ओढायला तयार केलेली जात. अंगावर केसांचे दोन थर, आतला लोकरीसारखा दाट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटेच ते अंग थंड करतं. उष्माघातानं आडवी झालेली जनावरं नोकरीत पुष्कळ पाहिली. त्यातली सगळी वाचत नाहीत.

बैल घेताना आपल्याकडचा माणूस किती विचार करतो! खिलार घ्यावा की देवणी की लालकंधारी, जमीन भारी की मुरमाड, काम नांगराचं की गाडीचं, वैरण किती पडली आहे. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. तोच माणूस कुत्रं मात्र फोटो बघून घेतो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून आयुष्य गेलं, पण याचं कोडं मला सुटलेलं नाही.

आम्हालाही एक कुत्रं हवं आहे. मळ्यातल्या वस्तीवर आम्ही दोघंच असतो. तेव्हा हा विचार आता घरचाच झाला आहे.

24 डिसेंबर

सगळीकडे वाघाचीच चर्चा. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून सुमारे 500 किलोमीटर चालत एक वाघ आपल्या येडशी रामलिंग घाटात आला आहे. कॅमेऱ्यात त्याचा फोटो निघाला. येडशी इथून महामार्गानं थोडीच पुढे, त्यामुळे माणसं धास्तावली आहेत. पारावर एकानं विचारलं, "डॉक्टर, वाघाला भिडंल असं कंचं कुत्रं?" दुसऱ्यानं लगेच शाहू महाराजांच्या खंड्याची गोष्ट काढली. संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी आहे, मी पाहिली आहे.

खंड्याचा मान मोठाच. पण वाघाला भिडायला कुत्रं पाळायचं नसतं. राखणीच्या कुत्र्याचं काम आपल्याला वेळेवर जागं करणं एवढंच. त्याला कान तिखट लागतात, झोप सावध लागते, आणि वारा आला म्हणून रात्रभर न भुंकण्याचं शहाणपण लागतं. थोराड अंग लागत नाही. आणि राखणीच्या नावाखाली त्याला रात्री गोठ्याबाहेर साखळीनं बांधून ठेवणं म्हणजे बिबट्यापुढे ताट वाढून ठेवणं. रात्री ते आडोशाला, दाराच्या आत हवं.

30 डिसेंबर, वेळ अमावस्या

यंदा येळवस सोमवारी आली. रानात कडब्याची कोप केली, पूजा झाली, आंबील, भज्जी, खीर, उंडे. पुण्याहून भाची आणि जावई आले, सोबत त्यांचा लॅब्रेडॉर. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. गुणी कुत्रं. पोरांनी शेपटी ओढली, पाठीवर हात टाकले, पण तोंडातून हूं नाही.

पण अंगानं फार सुटला आहे. बरगड्यांवरून हात फिरवला तर बोटाला हाड लागेना. भज्जीच्या पातेल्याजवळून हलायला तयार नव्हता. भाचीला वाटतं, लाडानं झालं. सगळं लाडानं नसतं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की लॅब्रेडॉरांमध्ये साधारण चारातल्या एकाच्या अंगात एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्याची खा-खा जास्त असते. मूळ न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात मच्छीमारांबरोबर राबणारी जात. त्या अंगाला काम हवं. फ्लॅटमध्ये कुत्रं पाळू नये असं मी म्हणत नाही. लॅब्रेडॉर पाळायचा तर रोज सकाळ-संध्याकाळ तासभर चालणारा माणूस घरात हवा आणि वाटी मोजून वाढणारा हात हवा. जावई दोन्ही करीन म्हणाले. मनापासून म्हणाले, असं वाटलं.

31 डिसेंबर, माळेगाव

लातूरमार्गे माळेगावला पोहोचलो. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा. घोडे, उंट, गाढवं, आणि कुत्र्यांसाठी तर मराठवाड्यात दुसरी जागा नाही. इथं श्वानांचं प्रदर्शन भरतं. मी खरं म्हणजे कारवान बघायलाच आलो होतो.

एक फिक्या तांबूस रंगाचा नर दावणीला उभा होता. मालकानं बाजूला सरकून मला बघू दिलं. डोकं लांब, निमुळतं. छाती खोल, कोपरापर्यंत उतरलेली, आणि पोट एकदम वर ओढलेलं. कमरेची दोन हाडं आणि मधला कणा स्पष्ट दिसत होता. नवखा माणूस याला उपाशी ठरवील, पण कारवानाची तब्येत अशीच असते. पातळ कातडीखालची शीर दिसत होती. मी हात पुढे केला तर भुंकला नाही, गुरगुरला नाही, फक्त मान वळवून एक पाऊल मागे गेला. परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला चालत नाही. नजर माझ्या डोक्यावरून पार पलीकडे, घोड्यांच्या बाजाराकडे लागलेली. नाकापेक्षा डोळ्यानं शिकार करणारी ही जात.

मराठवाड्यात कारवान म्हणतात, लांब केसाळ असेल तर पश्मी. कर्नाटकात मुधोळ, तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी सांभाळला म्हणून. एका केनेल क्लबच्या दप्तरात कॅरव्हान हाउंड, दुसऱ्याच्या दप्तरात मुधोळ हाउंड. 2005 च्या जानेवारीत टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात हा आहे. बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूरला याच्यासाठी संशोधन केंद्र आहे, आणि 2016 मध्ये लष्करानं मुधोळची पिल्लं मेरठला शिक्षणासाठी नेली. आपल्या उन्हातान्हाला, खडकाळ माळाला आणि ज्वारीच्या भाकरीला पिढ्यान् पिढ्या टिकलेलं हे कुत्रं. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

मालकाला विचारलं, रोज काय करून घेता? "सकाळी मोटारसायकलमागं पळवतो, माळावर सोडतो. एक दिस बांधून ठिवलं की खाटंचं सुंब कुरतडतंय." हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही, कौतुकानं सांगितलं.

परतताना लातूरपर्यंत तेच डोक्यात होतं. माझे गुडघे आता पळण्याचे नाहीत. मळ्याला कुंपण नाही, रानात ससे आहेत. ससा दिसला की कारवान हाक ऐकत नाही, ते त्याच्या रक्तात आहे. आणि सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. जे काम करायला तो जन्मला ते मी त्याला देऊ शकत नाही, आणि त्याच्याऐवजी पळायला मोकळं रानही देऊ शकत नाही.

9 जानेवारी 2025

खालच्या पट्टीत धनगरांची मेंढरं बसवली आहेत. सोबत तीन कुत्री, कुठल्या पुस्तकात न सापडणारी. एकाच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा. लांडगा नरडं धरतो, म्हणून. सोलापूर-धाराशिवच्या माळावर लांडगा अजून आहे, हे बरंच आहे, पण मेंढपाळाला त्याची किंमत मोजावी लागते.

म्हाताऱ्याला विचारलं, पिल्लू कसं निवडता? "जात कसली बघायची! ह्याची आय बघितली हुती. आय मेंढरात झोपायची." पिल्लाचे डोळे उघडले की ते कोकरांतच ठेवायचं, माणसाच्या मांडीवर फार घ्यायचं नाही. शास्त्रही वेगळं सांगत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्यात वाढतं, त्यांना ते आपलं मानतं. त्या दिवसांत ज्यानं माणसांचं पोर पाहिलं नाही, ते कुत्रं पुढे पोरांना बिचकतं, मग त्याचे कागद कितीही चांगले असोत. म्हणून पिल्लू घ्यायचं तर आई बघायला मागा. आई दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

18 जानेवारी

महामार्गावरचा एक धाबेवाला आला. त्याला पिटबुल किंवा रॉटवायलर हवा आहे, "नुसतं बघून मानूस लांब राहिला पायजे." गेल्या मार्चमध्ये केंद्रानं अशा 23 जातींवर बंदी घालणारं पत्र काढलं होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही म्हणून. कायद्याचं असो. धाब्यावर दिवसरात्र परकी माणसं, ट्रक, पोरं, ताटातली हाडं. माणसाला लांब ठेवणारं कुत्रं जिथं माणूस यायलाच हवा तिथं कशाला? तो विचार करतो म्हणाला.

जातीवरून स्वभाव ठरतो या समजुतीबद्दल त्याला थोडं सविस्तर सांगितलं. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा मोठा अभ्यास आला. अठरा हजारांवर कुत्र्यांची माहिती मालकांकडून, आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासून. निष्कर्ष असा की एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा जे वेगळं असतं, त्यातलं फक्त 9 टक्के जातीवरून सांगता येतं. सांगितलेलं ऐकण्याची वृत्ती जातीशी थोडी जास्त बांधलेली, पण चटकन बिथरणं जवळजवळ नाहीच. अंग, केस, नाक, धाव हे जातीवरून कळतं. स्वभाव मात्र त्या एकेका कुत्र्यात बघावा लागतो. एवढं कळलं तरी निवड निम्मी सोपी होते.

5 फेब्रुवारी

रात्री हिला समोर बसवून एक पान लिहिलं. आम्ही पहाटे उठतो. दुपारी दोन तास घर बंद. गुरुवारी बाजार. वर्षातून दोनदा मुलाकडे जातो, तेव्हा वस्तीवर गडी असतो. चालणं मळ्यापुरतं. नातवंडं सुट्टीत येतात. घरात अंडी आहेत, भाकरी आहे, मटण कधीतरी. लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध यांना पैसे काढू शकतो. केस विंचरायला वेळ नाही.

ही म्हणाली, "मला वढत नेनारं नगं. आन् रातच्याला उगं केकाटनारं नगं." यापेक्षा नेमकी मागणी कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. मग ठरलं की पिल्लू घ्यायचं नाही. पिल्लाचा स्वभाव पुढे काय होईल ते सांगता येत नाही, मोठ्या कुत्र्याचा समोर दिसतो.

21 फेब्रुवारी

स्टँडजवळच्या चहाच्या गाड्याशी एक काळी कुत्री असते, दीड-दोन वर्षांची. काही दिवस तिथं बसून तिला पाहतो आहे. आज हॉटेलातल्या पोराच्या हातून स्टीलचा ट्रे पडला. मोठा आवाज झाला. ती दचकली, चार पावलं गेली, वळून पाहिलं, कान पुन्हा सैल सोडले आणि येऊन ट्रे हुंगला. हेच बघायचं होतं. दचकणार तर कुठलंही जनावर. दचकल्यावर किती लवकर सावरतं, त्यावर पोराबाळांच्या घरातला त्याचा निभाव ठरतो. मग मी मूठ बंद करून खाली धरली. तिनं हुंगली, अंग माझ्या पोटरीला टेकवलं. गाडेवाला म्हणाला, "न्या की डॉक्टर, हितं गाड्याखाली जाईल एखाद्या दिशी."

रिक्षात घालून मळ्यात आणली. रेबीजची लस आणि नाइन-इन-वन आजच दिली. सगळं दप्तरी लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात तिचं ऑपरेशन करून घ्यायचं, म्हणजे दर सहा महिन्यांनी पिल्लांची उस्तवार नको. गावठी अंगाला भूल नीट सोसते. कारवानासारख्या चरबी नसलेल्या हाउंडला काही भुलीची औषधं जड जातात, उतरायला फार वेळ घेतात. ज्यांच्याकडे कारवान आहे त्यांनी ऑपरेशनआधी डॉक्टरला हे आवर्जून सांगावं.

14 एप्रिल

काल येडेश्वरीच्या यात्रेत चुनखडी वेचण्याचा दिवस झाला. पालखी आमराईत आली आहे. चार दिवस हलगी, वाजंत्री, माणसांचा महापूर, वस्तीवर पै-पाहुणे. काळी पहिल्या दिवशी खाटेखाली बसून राहिली, मग दारात आली. परका आला की दोनदा भुंकते आणि आमच्या तोंडाकडे बघते. हिला तिनं एकदाही ओढलेलं नाही.

शेजारच्या पोरानं हस्कीचा नाद सोडला. संध्याकाळी येऊन काळीला बांधावरून फिरवून आणतो. त्याला म्हटलं, कॉलेज संपू दे, नोकरीचं गाव ठरू दे, मग तुझा दिवस लिहून माझ्याकडे ये.

ज्यांच्याकडे मोकळा माळ आहे, पाय आहेत आणि रोजचा तास आहे, त्यांनी मार्गशीर्षात माळेगावला जावं आणि कारवान घ्यावा. त्यापेक्षा उमदं कुत्रं या मुलखात नाही. बाकीच्यांनी आपल्या स्टँडवरचं, गल्लीतलं एखादं कुत्रं आठवडाभर नीट बघावं. घरी आणलं की पहिलं काम रेबीजची लस, मग ती दर वर्षी. चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही.