वाचकाची आवड आणि ग्रंथपाल

‘एखादें चांगलें पुस्तक द्या’ ही ग्रंथालयांतील नित्याची मागणी. परंतु चांगलें म्हणजे कोणास व कोणत्या वेळीं, हा खरा प्रश्न होय. आमच्या घरीं काका निवर्तल्यावर काकूंना जो तो अध्यात्मपर ग्रंथ आणून देई. त्यांना हवी होती विनोदी कादंबरी! हें ओळखलें तें केवळ ग्रंथपालबाईंनीं. कारण त्यांनीं विचारलें.

असे प्रश्न विचारण्यास महाजालावरील कांहीं साधनें आतां ग्रंथपालास साह्य करितात. इंग्लंडांतील ‘व्हिचबुक’ लेखकाच्या नांवाऐवजी वाचकाच्या मनोवृत्तीपासून आरंभ करितें: पुस्तक हंसविणारें हवें कीं गंभीर, आनंदी कीं विषण्ण? अमेरिकेंतील ‘नॉव्हेलिस्ट’ कथेची गति, सूर आणि लेखनशैली पाहून सदृश ग्रंथ सुचवितें. २००५ सालीं निघालेलें ‘लायब्ररीथिंग’ वाचकांच्या स्वतःच्या संग्रहांवरून जुळणी करितें.

या साधनांचा भर इंग्रजी ग्रंथांवर आहे, हें खरें. तथापि विचारण्याची ही रीत मराठी कपाटासही लागू पडेल. यंत्र यादी देईल. वाचकाच्या मुद्रेकडे पाहून पुढचा प्रश्न विचारणें मात्र माणसाचेंच काम, असें आम्हांस वाटतें.