बेंजोच्या पेटीतला नवा स्पीकर

तुळजापूर

चि. बाळास,

तुझ्या आईचा फोन आला होता. मेळ्यातल्या बेंजोच्या पेटीतला एक स्पीकर उडालाय, घटस्थापना तोंडावर आलीय आणि तू मिळेल तो बारा इंची स्पीकर आणून बसवणार आहेस म्हणे. थांब जरा. इंच आणि वॅट बघशीलच, पण आधी चुंबकावर ओहम किती लिहिलेत ते वाच.

बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी तैशोगोतो नावाचं वाद्य घडवलं, त्याचाच हा वंशज. आवाज नाजूक, घरात बसून वाजवण्याजोगा. पिकअप आणि अॅम्प्लिफायर लागला तेव्हा कुठे तो रस्त्यावर उतरला. मंदिराच्या राजे शहाजी महाद्वारासमोर संबळ-हलगी कडाडत असताना आराध्यांच्या गाण्याची चाल माणसांपर्यंत पोचते ती या पेटीतून. स्पीकर हा मी वाद्याचाच भाग मानतो, म्हणून एवढं लिहितोय.

तुझ्या पेटीत आठ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडलेत, म्हणजे अॅम्प्लिफायरला चार ओहम दिसतात. त्याच्या पाठीवर किमान चारच लिहिलंय. एकाच्या जागी चार ओहमचा बसवलास, तर एकूण रोध पावणेतीनच्याही खाली जाईल. नवा स्पीकर जुन्याच्या दुप्पट ताकद ओढेल आणि अॅम्प्लिफायर तापून बसेल, तेही ऐन देवीच्या छबिन्याच्या वेळी. तेव्हा आठचाच आण. मीटर लावलास की सहाच्या आसपास आकडा दिसेल. घाबरू नकोस, मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो.

आता प्लस-मायनस. दीड व्होल्टचा सेल दोन्ही टोकांना क्षणभर टेकव. कोन पुढे सरकला, तर सेलचं प्लस लागलेलं टोक ते प्लस. जुन्या स्पीकरचंही असंच तपास. टोकाजवळच्या रंगाच्या ठिपक्यापेक्षा सेलवर विश्वास ठेव. मग प्लसला प्लस, मायनसला मायनस. एक जरी उलटा लागला तर एक कोन पुढे जाताना दुसरा मागे येतो आणि खर्ज एकमेकांतच विरून जातो. दोन्ही स्पीकर चालू असतात, म्हणून दोष कुणाच्या लक्षात येत नाही; सगळे अॅम्प्लिफायरचा बास वाढवत बसतात. त्या नादात आवाज फाटतो, कॉइल तापते आणि स्पीकर पुन्हा उडतो. पहिलाही असाच गेला असावा, असा माझा दाट संशय आहे.

माइकची बारीक वायर वापरू नकोस, दीड एमएमची तांब्याची घे. टोकं आधी साफ कर, सोल्डर झटपट मार, कोनवर थेंब पडू देऊ नकोस. कोनकडे जाणाऱ्या विणलेल्या तारेला ओढ बसता कामा नये. स्क्रू आवळताना पेचकसाचं टोक बोटांनी धरून ठेव. चुंबक ते असं खेचतं की कोरा कोन फाटायला क्षण पुरतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा.

सगळं झाल्यावर अॅम्प्लिफायर जोडण्याआधी पेटीच्या जॅकवर पुन्हा मीटर लाव. तीनच्या आसपास आलं तर बरोबर. बाराच्या आसपास आलं तर सिरीज लागलीय. शून्य आलं तर कुठेतरी तार चिकटलीय, वीज देऊच नकोस. मागची फळी सगळ्या स्क्रूंनी बसव, आणि सुरुवातीला आवाज बारीक ठेवून एक अख्खं गाणं वाजव.

काही अडलं तर रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझा,
मामा