छत्तिसातले एक

चौफुला हे नाव घेतले की आमच्या शिरूरकडची माणसे आवाज जरा खाली आणतात. न्हावऱ्याच्या रस्त्याने भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो, आणि पुढे पुणे-सोलापूर हमरस्त्यावर चौफुला. येथे संगीत बारीची थिएटरे आहेत. मोरगावच्या गणपतीला जाणारे भाविक याच चौकातून जातात. पण थिएटराकडे पाहत नाहीत, निदान दिवसा तरी!

बारी म्हणजे पाळी. एकामागून एक पार्ट्या रंगमंचावर येतात, लावण्या सादर करतात. मग लहानशा खोलीत बैठक बसते. पेटी, तबला, ढोलकी आणि हाताच्या अंतरावर गाणारी बाई. वाईच्या यमुनाबाई वाईकर याच परंपरेतल्या. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. दिल्लीत मान मिळतो आणि गावात मात्र नाव कुजबुजत घेतात, हे कोडे मला सुटत नव्हते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. संदेश भंडारे यांच्या ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकातली छायाचित्रे पाहिली आणि झपाटून गेलो. मामांचा लग्नाचे फोटो काढायचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. आमच्या आळीतले एक ढोलकीवाले चौफुल्याला वाजवतात. त्यांच्या ओळखीने जायचे ठरले. आईला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “ह्यासाठी शिकतोस का?”

खोलीत उजेड एका बल्बचा. फ्लॅश मारला तर गाणे मोडते. म्हणून ४०० ची फिल्म १६०० ची समजून वापरायची आणि धुताना डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. दाणा जाड येतो, सावल्या काळ्याठिक्कर होतात, पण चेहरा मिळतो. शटर एक साठांश सेकंदाच्या वर नेता येत नाही. नाचणारा पाय त्यात पुसट होतो. मात्र समेवर क्षणभर सगळे थांबते. तेव्हाच बोट दाबायचे. रोलमध्ये फोटो छत्तीस. म्हणून आधी ऐकावे लागते, मोजावे लागते. ताल म्हणजे काय ते मला वर्गात नव्हे, या कॅमेऱ्यामुळे कळले.

गाणाऱ्या मावशींनी कॅमेरा पाहताच पदर पुढे ओढला.

“मोबाईल न्हाई ना रं त्यो?”

“नाही मावशी, फिल्मचा आहे. धुतल्याशिवाय दिसत नाही.”

“मोबाईलमधला फोटू एका रातीत गावोगाव फिरतो. माजी लेक कालिजात शिकतीया. तिथं कुणाला ठावं न्हाई.”

मी गप्प झालो. ती मुलगीही माझ्यासारखीच घरातली पहिली. मी वर्गात बापाचा धंदा मोकळेपणाने सांगतो. तिला आईचे गाणे लपवावे लागते.

त्या रात्री मी ढोलकीवरची बोटे, पेटीचा भाता आणि चाळ बांधलेले पाय टिपले. उत्तररात्री मावशी बसून एक जुनी लावणी गाऊ लागल्या. नुसती भुवई उचलली तरी अर्थ बदलत होता. गाणे संपल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, “एक काढ. पर माझ्यापाशी राहील असा.” पुढची लावणी सुरू झाली आणि समेवर मी तो एकच फोटो काढला.

फिल्म धुतल्यावर त्या फोटोची एक प्रत काढली, पट्टीतून ती निगेटिव्ह कापली आणि दोन्ही त्यांना नेऊन दिल्या. त्यांनी निगेटिव्ह बल्बसमोर धरून बराच वेळ पाहिली. पांढरे काळे आणि काळे पांढरे झालेला तो स्वतःचाच चेहरा पाहून त्या हसल्या.

या लेखाबरोबर एखादे छायाचित्र द्यावे असे संपादक मंडळाने सुचवले होते. ढोलकीवरच्या हातांचे दिले आहे. सर्वांत चांगले जे आले ते मात्र माझ्याजवळ नाही. ज्या दिवशी मावशींची लेक वर्गात आईचे नाव मोठ्याने घेऊ शकेल, त्या दिवशी ते छापायचे की नाही हे त्या दोघी ठरवतील. तो दिवस यावा म्हणून काही करायचे असेल, तर ते आपण वर्गातल्यांनीच करायचे आहे.