एका घरची दोन देवळे

आमच्या घरी देव एक, पण देवळे दोन होती. वडील बिशपवाले, आई अमेरिकन मिशनची. रविवारी सकाळी दोघे जोडीने निघत आणि कोपऱ्यावर एकमेकांचा निरोप घेत! मी वडिलांचे बोट धरी. एका नाताळात आई आमच्याबरोबर आली. पण प्रभुभोजनाला सारे उठले, तेव्हा ती बाकावरच बसून राहिली. तिच्या मस्तकावर बिशपचा हात पडलेला नव्हता. घरी परतताना ती एक शब्द बोलली नाही.

हा बिशप म्हणजे मोठे प्रकरण. कलकत्त्याची गादी १८१४ ची, मद्रासची १८३५ ची, मुंबईची १८३७ ची. वडिलकीचा मान कलकत्तेकरांचा. १९३० पर्यंत ही सारी मंडळी इंग्लंडच्या चर्चला बांधलेली. मग स्वतंत्र प्रांत झाला, आणि फाळणीनंतर त्याचे नाव 'भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश व सिलोन' असे आगगाडीएवढे लांबले. चर्चगेट हे नाव ज्या देवळामुळे पडले, ते १७१८ चे सेंट थॉमस म्हणजेच मुंबईच्या बिशपचे आसन. पण लोकल पकडणाऱ्याला त्याचे काय!

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले. त्यांत आमची दोन्ही देवळे आली. पुढच्या रविवारी वडील कोपऱ्यावर घुटमळले. "चल ना," ते म्हणाले.

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "अहो, आज तुम्हीच माझ्याकडे चला."